अतिवृद्ध रोग्यावर किरणोपचार करावा काय?



आपल्या वाडवडिलांपुढे जे प्रश्न कधी आलेच नाहीत, असे काही प्रश्न वैद्यकशास्त्राच्या वाढीमुळे आज आपल्या दाराशी येऊन उभे राहिले आहेत. त्यांपैकी एकाचा विचार येथे कर्तव्य आहे. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या मनुष्यास अन्ननलिकेचा कर्करोग झाला, तर त्यास किरणोपचार द्यावा की देऊ नये? आणि हे ठरवावे कोणी? डॉक्टरांनी, मुलांनी, पाळकांनी, की त्या वृद्धाने स्वतः? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा दिसतो. थोडे खोल पाहिले म्हणजे तो आईबापांच्या मानाचा व घरातील पैशाचा आहे, असे आढळून येते.

विचार सुलभ व्हावा म्हणून आपण एक उदाहरण कल्पू या. वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावी 84 वर्षांची एक आजी आहे. तिला प्रथम ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. पुढे भात अडकू लागला. आता वरणाचे पाणीही थांबून थांबून जाते. अंग वाळले, लुगडे सैल झाले. मुलांनी तिला वाशिमास नेले. तेथे घशातून दुर्बीण घालून पाहिले, तुकडा काढून तपासला, आणि कर्करोग ठरला. डॉक्टरांनी सांगितले की नागपुरास जाऊन शेक घ्यावा लागेल. त्या रात्री घरात बैठक बसली. वडील मुलगा म्हणाला, वावर विकू पण मायला नेऊ. धाकटा म्हणाला, ह्या वयात तिचे हाल कशाला? सून काही बोलली नाही. प्रार्थनेसाठी उपदेशकांस बोलावणे गेले. तेव्हा कोपऱ्यात निजलेली आजीच म्हणाली, “माह्यावर आता कायले पैसा घालवता? मले नको.” हे ऐकून सर्वांस वाईट वाटले, आणि खरे सांगावयाचे तर कोणाकोणास हायसेही वाटले.

आमचा सारा विचार आजीच्या ह्या “नको” विषयीच आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी रोग काय आणि उपाय काय, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. ज्याची माहिती नाही त्याविषयी दिलेला सल्ला, कितीही प्रेमाने दिला तरी, आंधळ्याने आंधळ्यास वाट दाखविण्यासारखा होतो.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी, सुमारे वीतभर लांबीची नळी. तिच्या आतील अस्तरात कर्करोगाची गाठ वाढली म्हणजे वाट अरुंद होत जाते. आधी घट्ट अन्न अडते, मग पातळ, आणि शेवटी थुंकीही गिळवत नाही. किरणोपचार म्हणजे त्या गाठीवर बाहेरून तीव्र किरण सोडणे. ह्यालाच आपली माणसे शेक म्हणतात. रोंटगेन ह्यांनी 1895 साली क्ष-किरण शोधून काढले, आणि मारी व पिएर क्यूरी ह्यांनी 1898 साली रेडियम शोधले. तेथून ह्या विद्येचा उगम झाला. मुंबईस परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. तुकडोजी महाराज स्वतः 1968 साली कर्करोगानेच निवर्तले, हे आमच्या वऱ्हाडी वाचकांस ठाऊक असेल.

शेकाविषयी खेड्यांत अनेक भ्रामक समजुती आहेत. शेक ह्या शब्दावरून आगीने भाजतात असे कित्येकांस वाटते. वास्तविक रोग्यास मेजावर निजवितात, यंत्र त्याच्याभोवती फिरते, आणि काही मिनिटांत काम आटोपते. त्या वेळी काही दुखत नाही. सर्व मात्रा एकदम न देता ती रोज थोडी थोडी देतात. कारण किरणांनी झालेली इजा निरोगी पेशी भरून काढू शकतात, तशी रोगी पेशींस ती सहसा काढता येत नाही. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण रोग्याच्या अंगात राहत नाहीत. त्याच्या नातवाने खुशाल त्याच्या मांडीवर बसावे. आणि कर्करोग एका ताटात जेवल्याने कोणास लागत नाही. तथापि उपचार अगदी निरुपद्रवी आहे, असेही नाही. थकवा येतो, छातीत जळजळ होते, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गिळणे काही दिवस पूर्वीपेक्षाही कठीण होते. सुधारणा दिसावयास कित्येक आठवडे लागतात. क्वचित अन्ननलिका व श्वासनलिका ह्यांमध्ये छिद्र पडून मोठे संकट ओढवते.

आता मुख्य भेद सांगावयाचा तो हा की, शेक दोन निरनिराळ्या हेतूंनी दिला जातो. रोग मुळापासून जावा हा एक हेतू. त्यासाठी सुमारे पाच आठवडे, मिळून 50 ग्रेच्या आसपास मात्रा देतात, व तीबरोबर बहुधा औषधांची सलाईनही देतात. गिळता यावे व वेदना कमी व्हाव्या हा दुसरा हेतू. त्यासाठी 5 दिवसांत 20 ग्रे किंवा 10 दिवसांत 30 ग्रे पुरते. खेड्यातील कुटुंबास हा भेद पुष्कळदा कळलेलाच नसतो. मुलगा समजतो की माय बरी होणार. डॉक्टरांच्या मनात असते की तिला चार महिने पेज गिळता यावी. दोघेही एकच शब्द बोलतात, पण अर्थ भिन्न असतो. म्हणून रुग्णालयात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: “डॉक्टरसाहेब, हा शेक कशासाठी? बरे होण्यासाठी, की आराम पडावा म्हणून?”

कित्येक म्हणतात, एवढ्या वयात शेक देणेच चूक. ह्यास शास्त्राचा आधार नाही. चीन देशात 70 ते 85 वर्षे वयाच्या 298 रोग्यांवर केलेला एक प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींस नुसता शेक दिला, आणि काहींस शेकाबरोबर तोंडाने घ्यावयाचे एक औषध दिले. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरांपैकी सुमारे 36, व दुसऱ्यातील सुमारे 53 हयात होते. हे रोगी निवडलेले व बऱ्यापैकी सशक्त होते, ही गोष्ट विसरू नये. तरी त्यावरून एवढे ठरते की केवळ जन्मसालावरून कोणास दारातून परत फिरवू नये. मनुष्य हिंडतो-फिरतो काय, वजन किती उतरले, स्मरण शाबूत आहे काय, हृदय व फुप्फुसे कशी आहेत, घरी करणारे कोणी आहे काय, ह्या गोष्टी वयाच्या आकड्यापेक्षा अधिक सांगतात. एक 84 वर्षांची बाई रोज विहिरीवरून पाणी आणते. दुसरी 70 वर्षांची अंथरुणाला खिळलेली असते. दोघींस एकच नियम कसा लागू पडेल?

उलटपक्षी कित्येक समजतात की जितका उपचार अधिक, तितके प्रेम अधिक. हीही चूक आहे. ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला होता अशा 220 रोग्यांवर ऑस्ट्रेलिया, कॅनडा इत्यादी देशांत झालेला एक प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. नुसता शेक घेतलेल्या शंभरांपैकी 35 जणांस गिळणे सुधारले, व शेकाबरोबर कर्करोगाची औषधेही घेतलेल्यांपैकी 45 जणांस. परंतु हा फरक निश्चित मानण्याजोगा ठरला नाही. आयुष्य दोन्ही गटांत सारखेच, निम्म्या रोग्यांचे सात महिन्यांहून कमी भरले. मळमळ व ओकाऱ्यांचा त्रास मात्र औषधे घेणाऱ्यांस अधिक झाला. शेकावाचूनही काही उपाय आहेत. अन्ननलिकेत जाळीची नळी बसविली असता एक-दोन दिवसांत पातळ अन्न उतरू लागते. हॉलंडात 209 रोग्यांवर झालेल्या व 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की नळीने आराम लवकर पडतो, पण आतून एकदाच दिलेल्या शेकाने तो अधिक दिवस टिकतो. ज्याचे थोडेच दिवस उरले आहेत त्यास लवकर पडणारा आराम बरा. ज्यास काही महिने जगण्याची आशा आहे त्यास टिकणारा बरा.

येथवर वैद्यकशास्त्र आपणांस आणून सोडते. काय साधेल आणि काय सोसावे लागेल, हे ते सांगते. त्या सोसण्याचे मोल आजीने का द्यावे व कशासाठी द्यावे, हे सांगणे त्याच्या हातचे नाही. म्हणून आता पवित्र शास्त्राकडे वळू या.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात बर्जिल्लय नामक गिलादी गृहस्थाची कथा आहे. तो 80 वर्षांचा होता. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद राजा पळत असता ह्याने महनाईम येथे त्यास अंथरुणे, धान्य, मध व दही पुरविले होते. बंड मोडल्यावर राजाने त्यास म्हटले की माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझे पालनपोषण करीन. बर्जिल्लयाने नम्रपणे नकार दिला. आपणांस अन्नपाण्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे स्वर ऐकू येत नाहीत, आपण राजास भार कशाला व्हावे, असे त्याने कळविले. आपल्या गावी आईबापांच्या कबरेजवळ मरण यावे, एवढीच इच्छा त्याने दाखविली. त्याने यार्देन ओलांडीपर्यंत राजाची सोबत केली आणि किम्हामास त्याच्या स्वाधीन केले. राजाने आग्रह धरला नाही. त्याने वृद्धाचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला, आणि त्यास घरी जाऊ दिले.

दुसरी कथा हिज्कीया राजाची. मरणाचा निरोप आला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला व त्याने देवाजवळ आयुष्य मागितले. देवाने त्यास 15 वर्षे वाढवून दिली. तथापि यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितली, हेही तेथे लिहिले आहे. म्हणजे प्रार्थना झाली आणि औषधही झाले. त्या वाढीव आयुष्यात ह्याच राजाने बाबेलच्या दूतांस आपली भांडारे दाखविण्याचा गर्व केला. दिवस वाढले म्हणून शहाणपण वाढतेच असे नाही. परंतु त्याने आयुष्य मागितले ह्याबद्दल शास्त्र त्यास दोष देत नाही. बर्जिल्लयाने नाकारले म्हणून त्यासही दोष देत नाही. ह्यावरून आम्ही असे समजतो की उपचार मागणे हा अविश्वास नव्हे, व उपचार नाकारणे हे पाप नव्हे. देवाच्या लेकरास दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

मग वाट निवडावी कोणी? ह्याचे उत्तर प्रभूच्या वागण्यात सापडते. बेथेस्दा तळ्याजवळ 38 वर्षे आजारी असलेला मनुष्य पडला होता. त्यास बरे व्हावयाचे असणार, हे कोणासही दिसण्यासारखे होते. तरीही येशूने आधी त्यास विचारले की तुला बरे व्हावयाची इच्छा आहे काय. आंधळ्या बार्तीमयासही त्याने आधी विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. ज्याच्या ठायी सर्व सामर्थ्य होते, त्याने ह्या दोघांवर न विचारता आपले सामर्थ्य चालविले नाही. मग आपण मुले, सुना, पाळक व डॉक्टर, वृद्धास न विचारता त्याच्या देहाचा निवाडा कोणत्या अधिकाराने करतो?

येथे कोणी म्हणेल, “आजीने तर स्वतःच नको म्हटले. मग प्रश्न संपला.” आमचे म्हणणे असे की प्रश्न तेथे संपत नाही, तेथे तो सुरू होतो. बर्जिल्लयाचा नकार व आजीचा नकार ह्यांत मोठे अंतर आहे. बर्जिल्लय श्रीमंत होता. राजा स्वतः त्यास विनवीत होता. होय म्हटले असते तर कोणाचे शेत विकले जाणार नव्हते. त्याचा नकार मोकळ्या हाताने दिलेला होता. आजीने मात्र वावर विकण्याची गोष्ट ऐकली आहे. सुनेचे गप्प बसणे तिने पाहिले आहे. नागपुरास कोण नेणार, कोण राहणार, तेवढ्या दिवसांची मजुरी कोण भरून देणार, हा हिशेब तिने अंथरुणात पडल्या पडल्या केला आहे. तिचे “नको” हे मरणाला तयार असलेल्या तृप्त जिवाचे आहे, की घराला ओझे होण्याच्या भीतीचे? बाहेरून दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. पहिला शब्द मान्य करणे म्हणजे तिचा आदर करणे होय. दुसरा शब्द तसाच मान्य करणे म्हणजे तिच्या भिडेचा फायदा घेणे होय, आणि घरातील ज्यास हायसे वाटले त्याने तरी हे स्वतःशी कबूल करावे.

मग खरे “नको” ओळखावे कसे? ज्या कारणांनी भीती उत्पन्न होते ती कारणे शक्य तितकी आधी दूर करावी, आणि मग पुन्हा विचारावे. पैशाचे पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत कर्करोगाचा शेक मिळतो. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेखाली 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, मिळकत कितीही असो, वर्षास 5 लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय झाली आहे. राज्य परिवहनाच्या बसमध्ये 75 वर्षांवरील मनुष्यास ऑगस्ट 2022 पासून भाडे नाही, व स्त्रियांस मार्च 2023 पासून अर्धे भाडे आहे. हे कागद कोठे करावयाचे व कार्ड कसे काढावयाचे, हे लिहिता-वाचता येणाऱ्या उपदेशकाने आधीच माहीत करून घ्यावे. वावर विकण्याची भाषा निघण्यापूर्वी ही चौकशी झाली, तर आजीच्या मनावरील अर्धा भार उतरेल.

दुसरे कारण लपवाछपवीचे. घरोघर असे चालते की रोगाचे नाव रोग्यास सांगावयाचे नाही. “माय खचेल,” असे म्हणतात. ही चिंता मायेपोटी असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या बाईने दुष्काळ पाहिले, लेकरे पुरली, नवऱ्याच्या मागे संसार ओढला, ती एका शब्दाने खचेल असे तिच्या पोटच्या मुलांनी कसे ठरविले? शिवाय तिला बहुतेक कळलेलेच असते. आपल्यापासून लपवितात हेही कळते, आणि मग ती एकटी पडते. सारे एकदम सांगावे असा आमचा आग्रह नाही. तिला किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी विचारावे. जितके ती विचारील तितके खरे सांगावे. खोटे मात्र सांगू नये. आणि हे विचारणे भरल्या घरात होऊ नये. जिच्यापुढे तिला संकोच नाही अशा कोणी, मग ती लेक असो, शेजारीण असो वा बायबलबाई असो, तिच्याजवळ एकटीने बसून म्हणावे, “आजी, पैशाचे नि येण्याजाण्याचे आम्ही पाहून घेऊ. ते बाजूला ठेवा, आणि तुमच्या मनात काय आहे ते सांगा.” ह्यानंतर जे उत्तर येईल ते तिचे स्वतःचे समजावे.

ह्यावर एक कठीण आक्षेप आहे, आणि तो टाळणे योग्य नाही. योजना असल्या तरी खर्च अगदीच होत नाही, असे नाही. राहणे, खाणे, बुडालेली मजुरी हे सर्व घरावरच पडते. त्याच घरात नातीची शाळेची फी थकली आहे. जिचे आयुष्य पुढे आहे तिच्या तोंडचे काढून, जिचे मागे सरले आहे तिला द्यावे काय? आमचे उत्तर असे. आजीने स्वतः नातीचा विचार करून उपचार सोडला, तर ते दान होय. बर्जिल्लयानेही राजाची कृपा किम्हामाकडे वळविली होती. परंतु दान देणाऱ्याच्या हातून निघते. घरच्यांनी तिच्या नावाने ते परस्पर देऊन टाकले, तर त्यास दुसरे नाव आहे. आईबापांच्या उपयोगी पडावयाचे ते कुर्बान म्हणून बाजूस काढणाऱ्यांचा प्रभूने किती कडक निषेध केला, हे मार्काच्या सातव्या अध्यायात वाचावे. देवाच्या नावाने काढलेले जर त्यास मान्य झाले नाही, तर नातीच्या नावाने काढलेले कसे मान्य होईल?

काही भाविक जन म्हणतात की औषध सोडून केवळ प्रार्थनेवर राहावे. त्यांस आम्ही नम्रतेने आठवण देतो की ज्यांनी आपल्या मुलखात सुवार्ता आणली, त्यांनी औषधाची पेटीही आणली. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी 1894 साली मिशन रुग्णालय उघडले. आपल्या वाशिमास नाझरीन मिशनने 1930 च्या दशकात रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्यास प्रिय म्हटले आहे. दुसरे काही म्हणतात की दुखणे ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्यासाठी आहे, म्हणून वेदनाशामक घेऊ नये. प्रभूने स्वतः दुःख सोसले हे खरे; परंतु दुसऱ्याच्या वेदनेजवळून तो कधी तसाच निघून गेला नाही. अफूपासून केलेले मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणे हे व्यसन नव्हे. 2014 साली कायदा सुधारून ते कर्करोग्यांस मिळण्याची वाट सुलभ केली आहे. ज्यास गिळवत नाही त्यास ते पातळ रूपाने किंवा सुईने देता येते.

म्हणून उपचार नको ह्याचा अर्थ शुश्रूषा नको, असा कदापि नव्हे. बर्जिल्लय परत गेला तरी दावीद त्यास विसरला नाही. मरतेवेळी त्याने शलमोनास सांगून ठेवले की बर्जिल्लयाच्या मुलांवर दया कर. मुंबईस वांद्रे येथे 1986 साली शांती आवेदना सदन निघाले, ते अशाच रोग्यांसाठी, ज्यांस बरे करणे मनुष्याच्या हाती राहिले नाही. प्रत्येक गावी असे सदन निघणार नाही. प्रत्येक मंडळी मात्र ते काम थोडेफार करू शकते. आजीने होय म्हटले, तर तिच्याबरोबर नागपुरास पाळीपाळीने राहण्यास दोन बाया नेमाव्या, आणि मुलाच्या बुडालेल्या मजुरीसाठी मूठभर धान्याच्या दानातून वाटा काढावा. तिने नाही म्हटले, तर वेदनेचे औषध वेळेवर आणावे, तोंड ओले करावे, कूस बदलावी, आणि रात्री घरच्यांस झोप मिळावी म्हणून कोणी जाऊन बसावे. दोन्ही प्रसंगी तिचा पेला वेगळा ठेवू नये. प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकांनी तिच्या घरी जावे. भाकरीचा तुकडा गिळवत नसेल तर द्राक्षरसाचा थेंब ओठांस लावला तरी पुरे. आणि तिने जे ठरविले ते चूक होते, असे तिच्यामागे कोणी बोलू नये.

उपदेशकांस आणखी एक सांगणे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी असा निर्णय दिला की मनुष्यास आपल्या शेवटच्या दुखण्यात कोणते उपचार नकोत, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवता येते. 2023 साली त्याची रीत अधिक सोपी केली. ज्या वृद्धांस आपली इच्छा पुढे मुलांमध्ये वादाचे कारण होईल अशी धास्ती वाटते, त्यांस ही गोष्ट समजावून सांगावी. ज्यांस नको असेल त्यांस आग्रह करू नये.

तरुण वाचकांसही दोन शब्द. ह्या रोगाच्या मुळाशी तंबाखू, दारू व सुपारी ही मोठी कारणे आहेत. आमच्या विदर्भात तंबाखू व सुपारी खर्ऱ्याच्या पुडीत एकत्र मिळतात. 65 अंशांहून अधिक कढत पेय पिणे हेही संभाव्य कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली सांगितले. घास अडकू लागला असता तो वयामुळे अडकतो असे समजून महिनोन्महिने घरगुती उपाय करीत बसू नये.

शेवटी योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या अध्यायाची आठवण देऊन हा लेख पुरा करतो. प्रभूने पेत्रास सांगितले की तू तरुणपणी स्वतः कंबर बांधून मन मानेल तेथे जात होतास, पण म्हातारा झाल्यावर दुसरा तुझी कंबर बांधील व तुझी इच्छा नाही तेथे तुला नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयी होते. परंतु आपण ज्या म्हाताऱ्या आईबापांची कंबर बांधतो, त्यांना आपण कोठे नेत आहो, आणि त्यांची इच्छा आपण विचारली काय, हा प्रश्न ते वचन आपणांसही घालते. आसेगावच्या आजीला नागपुरास नेणे बरे, की तिच्या उंबऱ्यावर उन्हात बसू देणे बरे, हे आम्ही येथून सांगू शकत नाही. तिला विचारा, तिचे ओझे आधी उतरवा आणि मग विचारा. ती जे सांगेल ते करण्याचे बळ आणि तिच्याजवळ शेवटपर्यंत बसण्याचा धीर आपला स्वर्गीय पिता आपणां सर्वांस देवो.